डोळ्याचा पडदा फाटला की त्याच दिवशी दाखवा: लेझर कसं होतं, नंतर काय सांभाळायचं

डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढले, जाळं तरंगू लागलं किंवा अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं झालं, तर डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) भोक पडलं असू शकतं; त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांकडे जा. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून यातलं काही कळत नाही. भोक बहुतेकदा पडद्याच्या पार कडेला असतं आणि बाहुली मोठी केल्याशिवाय दिसत नाही.

निघण्याआधी एक मिनिट काढा. एकेक डोळा तळहाताने झाकून बघा: नजरेवर काळी सावली आहे का, कोणत्या डोळ्यात, कुठल्या बाजूने येते, समोरच्याचा चेहरा नीट दिसतो का. वेळेसकट लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सर्वात आधी तेच सांगा. सावली खालून वर चढत असेल, तर पडदा वरच्या बाजूने सुटतोय आणि तो नजरेच्या मध्यबिंदूपर्यंत लवकर पोचतो. मधली नजर शाबूत असेल तर एक दिवसही मोलाचा असतो. अशा वेळी सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका.

पन्नाशीनंतर डोळ्यातली जेली पातळ होऊन पडद्यापासून सुटू लागते. जिथे ती घट्ट चिकटलेली असते तिथे ओढ बसून पडदा घोड्याच्या नालेच्या आकारात फाटतो. मोठा मायनस नंबर असलेल्यांना, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना आणि डोळ्याला मार बसलेल्यांना हा धोका जास्त. फाटलेल्या जागेतून पाणी मागे शिरतं आणि ओल लागलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो.

लेझरने भोक बुजत नाही. भोवतीच्या पडद्यावर जखमा करून तो मागच्या थराला चिकटवतात, शेताला बांध घालावा तसा. म्हणूनच पाणी शिरून उचलल्या गेलेल्या भागावर लेझर धरत नाही. पडदा बराच सुटला असेल तर डोळ्यात गॅस भरणं, बकल (डोळ्याला बाहेरून बसवलेला पट्टा) किंवा व्हिट्रेक्टॉमी (आतली जेली काढण्याचं ऑपरेशन) लागते.

लेझरसाठी उपाशी राहायची गरज नाही. शुगर-बीपीच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या आणि रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बाहुली मोठी व्हायला २०-३० मिनिटं लागतात, थेंब दोन-तीनदा घालतात. पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात. बरोबर माणूस आणि गॉगल असू द्या, दुचाकी घरीच ठेवा.

बधिर करणारा थेंब घालून डोळ्यावर जेल लावलेली लेन्स ठेवतात. कडेच्या भोकासाठी काही वेळा झोपवून, डॉक्टरांच्या डोक्यावरच्या यंत्रातून लेझर देतात. साधारणपणे ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण, ठिपका २०० ते ५०० मायक्रॉन, प्रत्येक वेळी ०.१ ते ०.२ सेकंद. पॉवर कमीपासून सुरू करून, पडद्यावर फिकट करडा-पांढरा डाग उमटेपर्यंत वाढवतात. डाग चुन्यासारखा पांढराफटक झाला तर पॉवर जास्त झाली, उमटलाच नाही तर चिकटणार नाही. असे डाग जवळजवळ लावून भोकाला तीन-चार ओळींचा पूर्ण वेढा देतात.

बांध फुटतो तो बहुतेकदा पुढच्या, म्हणजे बुबुळाकडच्या बाजूने. तिथपर्यंत किरण पोचवणं अवघड असतं, आणि जेलीची ओढही तिथेच असते. पुढून वेढा पूर्ण होत नसेल तर दोन्ही बाजूंनी लेझर पडद्याच्या टोकापर्यंत न्यावं लागतं. ‘वेढा पूर्ण झाला का?’ हे डॉक्टरांना नक्की विचारा. आत रक्तस्राव असेल तर किरण अडतो. मग सोनोग्राफी करून क्रायो (गोठवून पडदा चिकटवणं) किंवा ऑपरेशनचा विचार होतो. आडव्या रेषेत, नाकाच्या आणि कानाच्या बाजूला नस असते, तिथे कळ येते. कळ आली की डोळा हलवू नका, तोंडाने ‘थांबा’ म्हणा.

चिकटायला सुरुवात एका दिवसात होते, पण पक्कं व्हायला १० ते १४ दिवस लागतात. तोवर द्राक्षांचे क्रेट उचलणं आणि खड्ड्यांतून ट्रॅक्टर हाकणं दुसऱ्यावर सोपवा. टीव्ही, वाचन, मोबाइल चालेल. ठिपके लगेच जात नाहीत, त्यावरून लेझर फसलं असं समजू नका. नवे ठिपके, पुन्हा चमक किंवा सावली दिसली, तर मात्र तारखेची वाट न बघता जा, कारण दुसरीकडे नवं भोक पडू शकतं. काही दिसलं नाही तरी एक-दोन आठवड्यांनी आणि साधारण महिन्याने पुन्हा बाहुली मोठी करून तपासणी हवीच.

ऑपरेशन मुंबईला झालं आणि डोळ्यात गॅस भरला असेल, तर नाशिकला परतण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. कसारा घाट चढताना हवेचा दाब कमी होतो, डोळ्यातला बुडबुडा फुगतो आणि डोळ्याचा दाब वाढून नजरेला धोका होऊ शकतो. डोळ्यात भरतात त्या गॅसपैकी एसएफ६ साधारण दोन आठवडे टिकतो, सी३एफ८ सहा ते आठ आठवडे. घाट चढताना डोळा ठणकू लागला किंवा नजर काळवंडली, तर तिथूनच उलटे खाली उतरा आणि डॉक्टरांना फोन करा. गॅस पूर्ण जाईपर्यंत विमानप्रवास बंद, आणि दुसऱ्या कुठल्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली तर ‘डोळ्यात गॅस आहे’ हे भूलतज्ज्ञांना आधी सांगा.