पद रंगतं, पण पात्र हरवतं? संगीत नाटक बसवताना या चुका टाळा

कोकणात अजूनही गावच्या उत्सवात देवळापुढे संगीत नाटक उभं राहतं. गळे तयार असतात, पाठांतर चोख असतं. तरीही पद सुरू झालं की अनेकदा नाटक थांबतं आणि मैफल सुरू होते. रुक्मिणी दिसेनाशी होते, गाणारी तेवढी उरते.

याचं मूळ बहुतेक वेळा ध्वनिमुद्रिकेत असतं. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळत, त्यामुळे गायक त्यात गळ्याचा सगळा ऐवज ओतत. त्या गाण्याच्या आधीचा संवाद, समोर उभं असलेलं पात्र, यातलं काहीच तबकडीत नसतं. आपण ती तान जशीच्या तशी उचलतो आणि रडवेल्या नायिकेच्या तोंडी विजयाची फेक घालतो. म्हणून आधी पदाचे शब्द संवादासारखे बोलून घ्या. पात्राचा आवाज कुठे भरून येतो, कुठे चढतो, तिथे पेन्सिलीने खूण करा. तान किंवा हरकत त्याच जागी घ्या. बाकी ओळी सरळ म्हणा. साधी ओळ ऐकायला धीर लागतो आणि प्रेक्षकांकडे तो असतो.

चाल माणूस कसा उभा करते हे ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) या संगीत नाटकात ऐकावं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आपल्या गोव्यातल्या मंगेशीचे. पंडितजी आणि खाँसाहेब हे त्यातले दोन प्रतिस्पर्धी गायक. ‘घेई छंद मकरंद’ या पदाचे शब्द तेच, पण पंडितजी ते संथ, आत वळून गातात आणि खाँसाहेबांची चाल द्रुत, आव्हान देणारी. संवाद न ऐकताही दोघांचे स्वभाव कळतात. खाँसाहेबांची भूमिका करणाऱ्याने पंडितजींची आलापी आवडली म्हणून आपल्या पदात घेतली, तर नाटकाचा पायाच ढासळतो.

दुसरी मोठी चूक पट्टीची, म्हणजे गाण्याच्या मूळ सुराची. पेटीवाल्याच्या सोयीने सगळ्यांना एकच पट्टी दिली जाते, मग म्हातारा बाप तार सप्तकात ओरडतो. नटाचा बोलण्याचा आवाज जिथे थांबतो, तिथूनच पदाचा पहिला स्वर उचलता आला पाहिजे. पेटीने संवाद संपल्यावर मोठ्याने सूर देऊ नये. शेवटच्या वाक्याखाली तो हळूच धरावा.

साथीदारांना शेवटच्या दोन तालमींनाच बोलावणं हेही टाळा. दशावतारात, म्हणजे कोकणातल्या पारंपरिक लोकनाट्यात, संवाद लिहिलेले नसतात, तरी पेटी आणि पखवाज नटाच्या बरोबर चालतात, कारण वाजवणाऱ्यांची नजर त्याच्यावर असते. तुमच्या तबलजीला नटाचा चेहरा दिसतो का, ते बघा. विंगेत पडद्याआड बसवलं असेल तर जागा बदला.

किनाऱ्यावर रात्री दमट हवेने तबला उतरतो, पेटी मात्र तशीच राहते. दर अंकाआधी तबला जुळवून घ्या, नाहीतर करुण पद उगाचच बेसूर वाटतं.

वन्समोअर आला तर द्यावा, पण शेवटचा अंतराच. पूर्ण पद पुन्हा गायलं की पुढचा संवाद थंड पडतो. आणि तो अंतरा गाताना तोंड प्रेक्षकांकडे नको, समोरच्या पात्राकडे ठेवा.