घरी ऑक्सिजन आणि बायपॅप: यंत्र आणण्यापूर्वी आणि आणल्यानंतर

सीओपीडीसारख्या दीर्घ फुप्फुसविकाराच्या रुग्णाला दवाखान्यातून सुटी मिळाली की घरचे लोक घाईने यंत्राची चौकशी करू लागतात. त्याआधी रुग्णाची अडचण नेमकी कोणती आहे हे छातीरोगतज्ज्ञांकडून स्पष्ट करून घ्यावे. काहींच्या रक्तात ऑक्सिजन कमी पडतो, त्यांना खोलीतील हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारा कॉन्सन्ट्रेटर लागतो. काहींच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, कारण थकलेले स्नायू हवा पुरेशी बाहेर टाकू शकत नाहीत. त्यांना श्वासाला दाबाचा आधार देणारा बायपॅप लागतो. काहींना दोन्ही लागतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर फक्त पहिली गोष्ट दाखवतो. दुसरी गोष्ट धमनीतील रक्ताच्या तपासणीतूनच, म्हणजे एबीजीतूनच कळते, म्हणून त्या अहवालाशिवाय बायपॅप विकत घेऊ नये.

दम लागतो एवढ्यावरून घरी ऑक्सिजन सुरू करत नाहीत. प्रकृती स्थिर असताना, विश्रांतीच्या अवस्थेत धमनीतील ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या 55 मिलिमीटर किंवा त्याखाली, अथवा संपृक्तता, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी, 88 टक्के किंवा त्याखाली असेल, तर दीर्घकालीन ऑक्सिजनचा फायदा होतो. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलेला असेल, तर दाबाची ही मर्यादा थोडी वर, 60 पर्यंत धरतात. ऑक्सिजन दिवसातून किमान 15 तास घ्यावा लागतो. त्यात झोपेचे तास आले की हिशेब सहज जुळतो. आजार बळावलेला असताना सुरू झालेला ऑक्सिजन पुढे लागतोच असे नाही, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी.

ऑक्सिजन हे औषध आहे आणि मिनिटाला किती लिटर हा त्याचा डोस आहे, हे घरातल्या प्रत्येकाला कळले पाहिजे. कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असलेल्या रुग्णाची संपृक्तता साधारण 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. आकडा 98 दिसला की आपल्याला बरे वाटते, आणि म्हणून कोणीतरी मायेपोटी नॉब फिरवून प्रवाह वाढवतो. पण त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो. सकाळी डोके जड होणे, दिवसा गुंगी येणे, असंबद्ध बोलणे, हात पुढे धरले असता तळवे फडफडणे ही त्याची लक्षणे आहेत. ती झोपेचा आळस समजून सोडून देऊ नयेत.

कॉन्सन्ट्रेटर कुठे ठेवावा, हा नागपुरात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. हे यंत्र खोलीतील हवा ओढते, झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांवर नायट्रोजन अडवते आणि सुमारे 90 ते 96 टक्के शुद्ध ऑक्सिजन देते. बहुतेक यंत्रे 40 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. वरून यंत्र स्वतःही गरम हवा सोडते. त्यामुळे गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत किंवा भिंतीला चिकटवून ते ठेवू नये. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नये, कारण ओलावा झिओलाइटचा शत्रू आहे. आमच्या घरी पहिल्या उन्हाळ्यात ते कूलरसमोरच ठेवले होते, आणि ती चूक इतरांनी करू नये असे मनापासून वाटते. बाहेरचा फिल्टर आठवड्यातून एकदा धुऊन, पूर्ण वाळवून बसवावा. ह्युमिडिफायर, म्हणजे ऑक्सिजनला ओलावा देणारी पाण्याची बाटली, असेल तर त्यात डिस्टिल्ड पाणी घालून ते रोज बदलावे. 2021 च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत घेतलेले आणि तेव्हापासून पडून असलेले यंत्र कोणी देऊ केले, तर वापरण्यापूर्वी तंत्रज्ञाकडून ऑक्सिजनची शुद्धता मोजून घ्यावी.

मिनिटाला पाच लिटर देणारे कॉन्सन्ट्रेटर यंत्र साधारण 350 वॅट वीज घेते, म्हणजे दिवसभरात आठ युनिटांच्या आसपास. वीज गेल्यास घरगुती इन्व्हर्टर काही तासच पुरतो, म्हणून जवळ एक सिलिंडर भरून ठेवावा. सुमारे 1500 लिटरचा बी-टाइप सिलिंडर मिनिटाला दोन लिटर प्रवाहावर बारा तासांच्या आसपास चालतो. तो आडवा पडणार नाही असा साखळीने बांधावा.

ऑक्सिजन सुरू असताना जवळ विडी-सिगारेट, गॅसची शेगडी यांबरोबरच समई, निरांजन आणि उदबत्तीही नको. देवघर रुग्णाच्या खोलीत असेल, तर तिथे विजेचा दिवा लावावा. ओठांना किंवा नाकाला व्हॅसलीन लावू नये.

बायपॅपचे दाब डॉक्टरांनीच ठरवायचे असतात. घरच्यांचे काम मास्कचे आहे. पट्टे फार आवळले तर नाकाच्या हाडावर जखम होते, सैल राहिले तर हवा डोळ्यांकडे सुटते, म्हणून रुग्ण आडवा असताना मास्क बसवून पाहावा. सुरुवातीला दिवसा, टीव्ही पाहताना अर्धा तास लावून सवय करावी. बायपॅपमध्ये ऑक्सिजन जोडायचा असेल, तर आधी बायपॅप सुरू करावा. बंद करताना आधी ऑक्सिजन बंद करावा. मास्क रोज पुसावा, नळी आठवड्याला साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी.

रुग्णाला उठवणे कठीण झाले, ओठ निळे पडले किंवा एक वाक्य पूर्ण बोलता येईना, तर वाट न पाहता 108 ला फोन करावा. शेवटचा एबीजी अहवाल, बायपॅपचे दाब आणि 'संपृक्तता 88 ते 92' असे डॉक्टरांनी ठरवून दिलेले लक्ष्य एका कागदावर लिहून यंत्रालाच चिकटवून ठेवावे, आणि निघताना तो कागद रुग्णवाहिकेतील डॉक्टरांच्या हाती द्यावा.