मारहाणीपलीकडचा जाच ऑनलाइन प्रशिक्षणात कसा शिकवावा

आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका यांच्यासाठी घरगुती हिंसाचारावर ऑनलाइन प्रशिक्षण घ्यायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. झूम की गूगल मीट, स्लाइडचा रंग कोणता, यात वेळ घालवू नका. आणि सुजलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवू नका. त्यातून हिंसा म्हणजे फक्त वळ, एवढंच डोक्यात बसतं.

वेळ दुपारची ठेवा, दीड तासाच्या आत उरका आणि गट लहान ठेवा.

लिंक पाठवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या फोनवर ती जाणार, तो घरात आणखी कोण उघडतं हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून व्हॉट्सअॅप गटाला आणि बैठकीला ‘आरोग्य बैठक’ असं साधं नाव द्या. रेकॉर्डिंग बंद. ‘नंतर बघायला बरं’ म्हणून आयोजक ते मागतात, त्यांना ठाम नकार द्या. कॅमेऱ्याची सक्ती नको. खोलीत कुणी आलं तर काही न सांगता बाहेर पडा, असं सुरुवातीलाच सांगा. गटातली कुणीतरी हे स्वतः सोसत असणारच, असं धरून चाला. तिच्याशी वेगळं बोलायला एक जाणती सहकारी फोनवर मोकळी हवी.

कायद्याला वीस मिनिटं पुरेत. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. कलम 3 मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही तऱ्हांचा छळ येतो. या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी, पीडित बाईला एकाच छताखाली मदत देणारं सखी वन स्टॉप सेंटर, 181 ही महिला हेल्पलाइन आणि 112 हा तातडीचा क्रमांक, हे सांगून पुढे जा. कलम 4 मात्र सावकाश समजावा. हिंसेची खबर संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं, आणि ती प्रामाणिक हेतूने दिली असेल तर देणाऱ्यावर कसलीही कारवाई होत नाही. ‘आपण मध्ये पडलो तर आपल्यावरच शेकेल’ ही आशाताईंची भीती अगदी खरी असते.

आता अवघड भाग. ‘मारत नाही ना, मग हिंसा कसली?’ हा प्रश्न येणारच. धाकात ठेवणं म्हणजे काय हे व्याख्या वाचून कुणाला कळलेलं मी पाहिलेलं नाही. सुरुवातीला मीही व्याख्याच वाचायचे, बायका माना डोलवायच्या आणि शेवटी तोच प्रश्न परत यायचा. आता मी एका काल्पनिक बाईचा दिवस सांगते. दळण टाकायला निघाली की नवरा घड्याळ बघून ‘पंधरा मिनिटांत ये’ म्हणतो. पगार तिच्या खात्यावर, पण एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. भाजीला दिलेल्या दोनशे रुपयांचा संध्याकाळी रुपया-रुपया हिशोब. आईचा फोन आला तर स्पीकरवर बोलायचं. बाजारात असली की व्हिडिओ कॉल येतो, ‘फोन फिरव, बरोबर कोण आहे दाखव’.

इथे बायका त्याची बाजू घेतात. काळजी असते, पुरुषाला हिशोब लागतो, जमाना खराब आहे. त्यांना खोडून काढू नका, भाषण तर मुळीच देऊ नका. एकच प्रश्न विचारा आणि गप्प राहा: तिने नाही म्हटलं तर त्या घरात काय होईल? मिनिटभर कुणी बोलत नाही. मग चॅटमध्ये ओळी येऊ लागतात. आठ दिवस अबोला. मुलांना घेऊन जाईन म्हणेल. माहेरी फोन करून तमाशा. फोनच काढून घेईल. एवढं झालं की व्याख्या त्यांनीच केलेली असते.

एका आशाताईंनी विचारलं, ‘आमचे हेसुद्धा दिवसातून चारदा फोन करतात, मग तेही तसलेच का?’ मी म्हटलं, फोन उचलला नाही तर काय होतं? ‘सासूबाईंना विचारतात, आणि दळण स्वतःच आणतात.’ काळजी आणि धाक यांतला फरक त्या उत्तरात सगळ्यांना दिसला.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा धाकात ठेवण्याला 2015 च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरवलं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आपल्याकडे तसा वेगळा गुन्हा नाही. म्हणून कलम 3 मधल्या भावनिक आणि आर्थिक छळाचा आधार घ्यायचा, आणि तो लिहिण्यावर टिकतो. तक्रारीची नोंद होते त्या घरगुती घटना अहवालात ‘मानसिक त्रास’ एवढंच लिहिलं तर हाती काही लागत नाही. ‘कार्ड मार्चपासून त्याच्याकडे, मागितलं की दोन दिवस घरखर्च बंद’ असं लिहायला शिकवा. काय, कधीपासून, नकार दिला की काय होतं. पाच-सहा वाक्यं तिथल्या तिथे लिहून घ्या. हा सराव वगळू नका.

या टप्प्यात काही गोष्टी टाळाच. नवरा-बायकोचं नाटुकलं बसवू नका. कुणालाही सगळ्यांसमोर स्वतःची हकीकत सांगायला लावू नका. ‘दोघांना समोर बसवून समेट करा’ हा सल्ला तर अनेक प्रशिक्षणांत दिला जातो, आणि तो घातक आहे. ती त्याच्यासमोर खरं बोलणार नाही, आणि बोललीच तर त्याच्याबरोबर घरी तिलाच जायचं असतं. ‘सोडून दे त्याला’ असंही म्हणू नका. ती निघायला लागते तेव्हाच धोका सगळ्यात वाढतो, त्यामुळे कुठे जायचं, कागदपत्रं कुठे, मुलांचं काय, हे आधी ठरायला हवं. गळा दाबला, जिवे मारण्याची धमकी दिली असं कानावर आलं, तर पुढच्या भेटीची वाट न बघता तिला विचारून त्याच दिवशी मदत मिळवून द्या.

प्रमाणपत्रावरही साधंच नाव छापा, ते घरात कपाटावर पडून राहतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीला फोन करा. पहिलं वाक्य, ‘आत्ता बोलायला जमेल का?’ दुसऱ्या कुणी उचलला तर लसीकरणाच्या यादीबद्दल विचारून फोन ठेवा.