इंदूरच्या काळ्या मातीत डायनेला कशी लावावी

नर्सरीत ‘डायनेला’ किंवा ‘फ्लॅक्स लिली’ म्हणून मिळणारे, गवतासारख्या लांब पट्टीदार पानांचे झाड बाराही महिने हिरवे राहते. नावात लिली असली तरी याला कांदा नसतो. जमिनीत आल्या-हळदीसारखे आडवे खोड पसरते आणि त्यातून पानांचे पंखे वर येतात. इंदुरात हे झाड उन्हापेक्षा जास्त मरते ते श्रावण-भाद्रपदात, मुळाशी तुंबलेल्या पाण्याने. म्हणून आधी पाण्याचा निचरा बघायचा, रोप नंतर आणायचे.

जागेवर 30 सेंमी खोल खड्डा करून पाण्याने भरा. चार तासांनीही पाणी दिसत असेल तर तिथे सपाट जमिनीत लावू नका. विटांची कड देऊन 20 ते 25 सेंमी उंच वाफा करा. त्यात 2 भाग बागेतली माती, 1 भाग जाड रेती आणि 1 भाग चांगले कुजलेले शेणखत घाला. काळ्या मातीत मूठभर रेती टाकून भागत नाही. नुसती रेती घातली तर माती आणखी घट्ट बसते, ती मोकळी होते शेणखतामुळेच. कुंडीत लावायचे असेल तर 10 ते 12 इंची घ्या आणि तळाचे भोक खापरीने झाका, बुजवू नका.

लावणीला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. जोराचा पाऊस ओसरलेला असतो आणि उन्हाळ्यापर्यंत मुळे धरतात. राजेंद्रनगर, लोकमान्यनगरकडच्या जुन्या बंगल्यांना असते तशी पूर्वेची भिंत मिळाली तर फारच छान. सकाळचे तीन-चार तास ऊन, दुपारी सावली. पांढऱ्या कडेच्या जातीला हे पाळावेच लागते, नाहीतर नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात, पानांची पांढरी पट्टी कागदासारखी करपते. पूर्ण हिरवी जात जरा जास्त ऊन सोसते.

दोन रोपांत 40 ते 45 सेंमी अंतर ठेवा. पिशवी कापून मातीचा गोळा न फोडता बसवा. पाने जिथून फुटतात तो भाग मातीच्या पातळीवरच राहिला पाहिजे. तो पुरला की कुजतो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. भरपूर पाणी द्या, वर 5 सेंमी वाळलेला पालापाचोळा पसरा, पण बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी सोडा. मे महिन्यात काळी माती भेगाळते आणि मुळे तुटतात, ती हा पालाच वाचवतो.

पाणी घालण्याआधी बोट 5 सेंमी आत घाला. ओल लागली तर थांबा. पहिल्या उन्हाळ्यात साधारण दोन-तीन दिवसांआड, हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात मुळीच नाही. फेब्रुवारीत आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक झाडाला दोन मुठी गांडूळखत पुरे. युरिया नको, त्याने पाने लुसलुशीत होऊन आडवी पडतात.

पानांची टोके तपकिरी झाली तर लू किंवा बोरिंगच्या पाण्यातले क्षार कारण असतात. तेवढीच टोके तिरकी कापा. पण पान बुडाशी पिवळे, बुळबुळीत झाले आणि ओढताच हातात आले, तर खोड सडले आहे. झाड उपटा, सडका भाग कापा, एक दिवस सावलीत सुकवा आणि कोरड्या, रेताड मिश्रणात लावा. पानांच्या बेचक्यात कापसासारखी मिलीबग कीड दिसली तर 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा.

पट्टेदार झाडात एखादा फुटवा निव्वळ हिरवा निघतो. तो जोमाने वाढून बाकीच्यांना दाबतो, म्हणून दिसताच मुळापासून काढा.

फुले छोटी, निळी, आत पिवळे केसर. मागून चकचकीत जांभळी-निळी फळे धरतात. काही जातींची फळे विषारी असतात, म्हणून घरात लहान मुले किंवा कुत्रा असेल तर फुले सरताच दांडा कापून टाका.

तीन वर्षांनी झुपका दाटला की ऑक्टोबरमध्ये उकरून धारदार सुरीने भाग करा. प्रत्येक भागात तीन-चार पंखे आणि भरपूर मुळे हवीत. पाने निम्मी छाटा, लावा आणि आठ दिवस सावली करा. बियांपासूनही रोपे होतात, पण उगवायला फार वेळ घेतात आणि पट्टेदार जातीचे पट्टे त्यांत उतरतील याचा भरवसा नसतो.