कौलं गेली, धूर राहिला: तांब्याच्या बंबाची दुरुस्ती आणि नवं धुराडं

मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची मागची कौलं उतरवून स्लॅब टाकला आणि त्यानंतर पहिल्यांदा बंब पेटवला त्या दिवशी न्हाणीघरात डोळे उघडता येईनात. पाणी तापवायचा बंब तोच, सासूबाईंचा, 25 लिटरचा. लाकडंही तीच. मग डोक्यात प्रकाश पडला की आमच्या न्हाणीला धुराडं असं कधी नव्हतंच. कौलांच्या फटी हेच धुराडं.

मुलगा म्हणाला, "आई, दे भंगारात, सोलर आहे की." सोलर आहे, पण जुलैत यवतेश्वरावरून ढग उतरले की साताऱ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. तेव्हा बंबच. नाहीतरी धुराडं करायचंच होतं, म्हणून बंबाचीही डागडुजी काढली.

आधी सुट्या भागांचं. बंबाचे सुटे भाग म्हणून पुडक्यात बांधलेलं कुणी काही विकत नाही, आणि "चार इंची जाळी द्या" म्हणून मागितलेली जाळी कधीच बसत नाही. जुना तुकडा पिशवीत घालून न्यायचा. तुकडाच उरला नसेल तर बंबाच्या मधल्या नळीला, म्हणजे जिच्यात जाळ असतो तिला, सुतळी गुंडाळायची, मोजायची आणि 3.14 नं भागायचं. आमची सुतळी साडेतेरा इंच भरली, म्हणजे नळी 4.3 इंच. हा आकडा दाराच्या मागे खडूनं लिहून ठेवा, पुढं धुराड्याला लागतो.

नळीच्या तळाशी निखारे धरणारी जाळी बिडाचीच बघा. कोळशाच्या जुन्या शेगड्यांच्या जाळ्या भंगारवाल्याकडं सापडतात. नळीपेक्षा थोडी लहान घ्यायची, कारण बीड तापलं की फुगतं आणि कडेनं राख पडायलाही वाट लागते. नाहीच मिळाली तर फॅब्रिकेशनवाल्याकडून 10 मिलिमीटरच्या सळ्या तेवढीच फट ठेवून वेल्ड करून घ्या. त्या दोन-तीन वर्षांत वाकतात, पण काम भागतं. ओतूनच घ्यायची असेल तर एक लक्षात ठेवा, बीड थंड होताना मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर आखडतं, म्हणून लाकडी साचा तेवढा मोठा लागतो. जुनी जाळी तशीच साचा म्हणून दिली तर नवी किंचित लहान येते. बंबाला ते उलट बरंच. आमची जाळी तडकली ती माझ्याच हातानं. घाईत निखाऱ्यावर गार पाणी ओतलं आणि टण्णकन आवाज आला.

तोटी काढणं मात्र जपून. आदल्या रात्री आट्यांवर रॉकेल नाहीतर गंज सोडवायचं तेल सोडून ठेवा. सकाळी दोन पाने (स्पॅनर) लागतात. एकानं बंबाला डाखलेलं, म्हणजे धातू वितळवून जोडलेलं, पितळी सॉकेट घट्ट धरायचं आणि दुसऱ्यानं तोटी फिरवायची. एकाच पान्यानं जोर लावला की तांब्याचा पत्रा पिळवटतो आणि पाच मिनिटांचं काम तांबटाकडं जातं. नवी तोटी पितळेचीच आणा, प्लास्टिकची नको. टेफ्लॉन टेप आट्यांवर गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडं करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळा. उलटी गुंडाळली तर तोटी बसवताना ती सुटत बाहेर येते. जुन्या लोकांचा ताग आणि सफेदाही तेवढाच चालतो.

गळती शोधायला बंब काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा. जिथं ओलसर दिसेल तिथं कोळशानं खूण करा. डाख आपण स्वतः लावायच्या फंदात पडू नका. आमच्या तांबटानं खूण बघितली आणि म्हणाला, "मावशी, ह्यो रिकामा पेटवला हुता कुणीतरी." खरं होतं. पाणी असेपर्यंत तांबं शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. रिकाम्या बंबात डाख वितळायला वेळ लागत नाही, डाखातलं कथिलच मुळात 232 अंशांना पाघळतं. म्हणून आधी पाणी, मग काडी.

आता धुराडं. आमचा बंब वरून भरायचा, म्हणजे ढलप्या, करवंट्या, शेणीचे तुकडे मधल्या नळीत वरूनच टाकायचे. तिथं सरळ पाइप उभा केला तर लाकूड घालायचं कुठून? पत्रेवाल्या मामांना वहीत चित्र काढून दाखवलं. नळीवर टोपीसारखा बसणारा 'टी' करायचा. त्याच्या डोक्यावर मूठ असलेलं झाकण, आणि बाजूच्या फाट्यातून पाइप तिरका वर चढत भिंतीबाहेर. लाकूड घालायला झाकण उचलायचं, घातलं की लगेच लावायचं.

पाइप नळीपेक्षा बारीक घ्यायचा नाही. मी पहिल्यांदा तेच केलं. दुकानात तीन इंची तयार होता, स्वस्त होता, आणला. धूर अर्धा बाहेर, अर्धा माझ्या पदरात. शेवटी साडेचार इंची करून घेतला, तोही काळ्या पत्र्याचा. आगीजवळ जस्ताचा पत्रा नको. तापल्यावर त्याच्या वाफा बाधतात, ताप येतो. पीव्हीसीचं तर नावच काढू नका. घरात जुना सिमेंटचा पांढुरका पाइप पडला असेल तर तो कापू-फोडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात बसते.

आडवा भाग जेवढा कमी तेवढा बरा, आणि त्याला फुटाला निदान पाव इंच चढ हवा. काटकोनी एल्बोपेक्षा तिरके एल्बो चांगले. जोडताना वरच्या तुकड्याचं तोंड खालच्याच्या आत गेलं पाहिजे. मामांनी उलटं जोडलं होतं, तर पहिल्याच आठवड्यात सांध्यातून काळं डांबरी पाणी भिंतीवर उतरलं. पाइपाचं वजन बंबावर पडू देऊ नका, भिंतीला क्लॅम्प मारा. जवळ लाकडी वासा किंवा दाराची चौकट असेल तर दीड फूट अंतर सोडा. बाहेर पाइप स्लॅबच्या वर निदान 3 फूट, आणि दहा फुटांच्या आत टाकी किंवा जिन्याची खोली असेल तर तिच्याहून 2 फूट उंच. वर छत्री हवीच. आमच्याकडं पश्चिमेचा पाऊस आडवा येतो.

पेटवण्याआधी जाळीखालच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. नाही गेला तर 'टी'च्या झाकणातून पेटता कागद टाकून पाइप गरम करा, ओढ बसते. आमच्याकडं सगळं बरोबर असूनही एके दिवशी धूर उलटा फिरला. मी तासभर पाइप ठोकत बसले. नंतर कळलं, नातवानं एक्झॉस्ट फॅन लावला होता. तो खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि मग हवा धुराड्यातूनच आत येते. बंब पेटला की फॅन बंद, झरोका उघडा. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येतच असतो, त्याला ना वास ना रंग. पेटत्या बंबाच्या खोलीत दार लावून अंघोळ करायची नाही. आम्ही पाणी बादलीनं दुसऱ्या मोरीत नेतो.

आणि पाणी ओतायचं नरसाळं कधी बुजवू नका. पुतण्या म्हणत होता, तिथं नळाची लाइन घट्ट जोडून कॉक बसवू. वाफेला तीच एक वाट. ती बंद केली तर न्हाणीघरात बॉम्ब ठेवल्यासारखं आहे.

काजळी महिन्यातून एकदा तारेच्या ब्रशनं काढते. ओलं लाकूड असेल तर पंधरा दिवसांनी. पावसाळ्यासाठी मी ढलप्या मे महिन्यातच जिन्याखाली रचून ठेवते.

एवढं सगळं झाल्यावर शेजारच्या वहिनी दोरीवरची पांढरी चादर घेऊन आल्या. तिच्यावर काजळीचे ठिपके. मामांना परत बोलावून पाइप आणखी दोन फूट चढवला आणि चादर मी धुऊन दिली.