लहान मुलांना घेऊन वस्तुसंग्रहालयात: आधी डोळे, मग हात

मुंबईच्या काळा घोडा परिसरात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ मध्ये बाल संग्रहालय सुरू झाले. टॅक्सीवाल्याला अजूनही ‘म्युझियम’ किंवा ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हे वस्तुसंग्रहालयाचे जुने नाव एवढेच सांगितले तरी पुरते. आवारातील गोरखचिंचेच्या (बाओबाब) जुन्या झाडाच्या सान्निध्यात उभारलेल्या या छोट्या इमारतीच्या मांडणीत शाळकरी मुलांनाही सहभागी करून घेण्यात आले होते. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना तिथे नेणाऱ्या बहुतेक पालकांकडून एक चूक हमखास होते. ते मुलाला आधी बाल संग्रहालयात नेतात आणि मग, ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून, मोठ्या इमारतीत शिरतात. तासभर वस्तू हाताळलेल्या मुलाला त्यानंतर काचेच्या पेट्यांपुढे उभे केले की प्रत्येक पावलावर ‘हात लावू नकोस’ असे म्हणावे लागते आणि सहलीचा विरस होतो. म्हणून क्रम उलटा ठेवावा. ज्या वस्तू केवळ पाहायच्या त्या सकाळी, मूल ताजेतवाने असताना पाहाव्यात आणि हातांना काम मिळेल असे बाल संग्रहालय त्यानंतर ठेवावे.

तयारी आदल्या दिवशीच करावी. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीच्या वेळा, सुट्टी आणि बाल संग्रहालयात चालू असलेले उपक्रम पाहून घ्यावेत. रविवारी निघणार असाल तर लोकलचा मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे, हेही पाहावे; मूल कडेवर घेऊन दादरला गाडी बदलण्याचा प्रसंग टळलेला बरा. शाळांच्या सहली बहुधा कामाच्या दिवशी सकाळी येतात, तर शनिवार-रविवारी दुपारनंतर गर्दी वाढते. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी दार उघडतानाच पोहोचणे सर्वांत सोयीचे ठरते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेटहून मोठी माणसे सहज चालत जातात, परंतु चार वर्षांच्या मुलाचे पाय तिथेच थकवू नयेत, टॅक्सी करावी. मेट्रो ३ ने येणाऱ्यांना हुतात्मा चौक स्थानक सोयीचे पडते.

पिशवीत पाणी, कपड्यांचा एक जोड, ओले रुमाल आणि एक जाड पेन्सिल असली की पुरे. खाणे मात्र विचारपूर्वक न्यावे. गुळ-तूप लावलेल्या पोळीची गुंडाळी, केळे, राजगिऱ्याचा लाडू असे हात फारसे न माखणारे पदार्थ बरे, आणि ते आत जाण्यापूर्वीच खाऊ घालावेत, कारण दालनांत खाता येत नाही आणि भुकेल्या मुलाला मोहेंजोदडो आणि माटुंगा सारखेच. निघण्यापूर्वी घरीच, त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचे एक छायाचित्र मोबाईलवर काढून ठेवावे आणि खिशात आपला क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घालावी. पोहोचल्यावर गणवेशातील सुरक्षारक्षक मुलाला प्रत्यक्ष दाखवावा आणि चुकामूक झाली तर अशा माणसाकडे जायचे, हे तिथेच सांगावे.

आत शिरण्याची घाई करू नये. ही इमारत वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी आखली. १९०५ मध्ये पायाभरणी झाली, १९१४ पर्यंत बांधकाम पूर्ण झाले, पण पहिल्या महायुद्धात ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली व्हायला १९२२ उजाडले. ही सनावळी मुलाला सांगण्याचे कारण नाही. भिंतीचा दगड मात्र जरूर दाखवावा. काळसर निळा बेसाल्ट कुर्ल्याचा आणि पिवळसर दगड मालाडचा. कुर्ला आणि मालाड ही केवळ स्टेशने आहेत असे समजणाऱ्या मुंबईच्या मुलाला तिथे कधीकाळी खाणी होत्या हे ऐकून वाटणारे आश्चर्य पाहण्यासारखे असते. इथे बाहेरच्या भिंतीवर तळवा टेकवू द्यावा. दिवसभरात पुढे बराच वेळ हात आवरायचे आहेत, त्याची ही आगाऊ भरपाई. मुख्य दालनात गेल्यावर वर पाहायला सांगावे. घुमटाची कल्पना विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेली आहे, आणि खाली नाशिकच्या एका वाड्यातून आणलेले कोरीव लाकडी काम बसवलेले आहे. बरोबर आजी-आजोबा असतील तर या लाकडापाशी त्यांना बोलू द्यावे. वाड्यातील माजघर आणि ओसरी हे शब्द ज्यांनी वापरले आहेत त्यांचे सांगणे कोणत्याही फलकापेक्षा सरस असते.

त्यानंतर एकच विभाग निवडावा. सगळे पाहण्याचा हट्ट मोठ्यांचा असतो, मुलांचा कधीच नसतो. लहान मुलांसाठी माझी निवड निसर्गेतिहास विभागाची. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या विभागात १९२६ मध्ये पुढे पक्षितज्ज्ञ म्हणून गाजलेले तरुण सलीम अली लोकांना माहिती देणारे व्याख्याते म्हणून नोकरीला लागले होते. इथे रोहित, धनेश, गवा, वाघ असे प्राणी-पक्षी त्यांच्या अधिवासासारख्या देखाव्यांत मांडलेले आहेत. अशा देखाव्यापुढे पालकांनी गुडघे टेकून मुलाच्या उंचीवर यावे. उभ्याने काचेत दिव्यांचे प्रतिबिंब दिसते. खाली बसले की बऱ्याचदा ते सरकते आणि गवताच्या बुंध्याशी ठेवलेले काहीतरी दिसू लागते, जे मुलाला केव्हाच दिसलेले असते.

माझी मुलगी चार वर्षांची असताना गव्यासमोर पाऊण तास बसली होती. तिचा पहिला प्रश्न होता, “बाबा, हा पापणी का हलवत नाही?” आणि दुसरा, “मेलाय का?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मूल विचारते आणि ‘झोपला आहे’ असे उत्तर देणे सोपे असते, पण ते देऊ नये. पुढच्याच क्षणी मूल काचेवर टकटक करून त्याला उठवू लागते, हा व्यावहारिक तोटा तर आहेच. प्राणी मेल्यावर त्याचे कातडे जपून ठेवतात, आत साचा बसवतात आणि डोळे काचेचे लावतात, एवढे साध्या शब्दांत सांगावे. मूल दचकले तर तिथून निघावे. अंधाऱ्या दालनातल्या वाघाला घाबरणे वावगे नाही. बहुतेक मुले मात्र पुढची दहा मिनिटे प्रत्येक प्राण्याचे डोळे निरखण्यात घालवतात, आणि ते चांगलेच आहे.

फलक वाचून दाखवण्यापेक्षा एखादी शोधाशोध सांगावी. सर्वांत लांब चोच कोणाची, कोणाला शिंगे आहेत आणि कोणाला नाहीत, कोणता पक्षी आपल्या खिडकीत येतो? सहा-सात वर्षांच्या मुलाला शस्त्रदालनातील अकबराचे चिलखत दाखवून ‘हे बाबांना बसेल का’ असे विचारले तर ते स्वतःहून निरखू लागते. वीस-पंचवीस मिनिटांनी मूल जमिनीवर लोळण घेऊ लागले, किंवा दालनापेक्षा जिन्यात अधिक रमू लागले, तर डोळ्यांचा वाटा संपला असे समजावे आणि बाहेर पडावे. तिकिटाचे पैसे वसूल झाले की नाही, हा हिशेब तिथे मांडू नये.

मधली सुट्टी बागेत घ्यावी. गोरखचिंचेचा बुंधा इतका फुगीर असतो की मुले त्याला हत्तीचा पाय म्हणतात. मूळचे आफ्रिकेतील हे झाड बुंध्यात पाणी साठवते, कोरड्या महिन्यांत पाने गाळते आणि त्याची मोठी पांढरी फुले रात्री उमलतात. परागीभवनाचे काम मुख्यतः वटवाघळे करतात. मे महिन्यात गेलात आणि झाडावर पाने दिसली नाहीत, तर ते वाळलेले नाही हे मुलाला सांगायला हवे.

आता बाल संग्रहालय. मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये असे पहिले संग्रहालय १८९९ मध्ये सुरू झाले. वस्तू काचेबाहेर काढून मुलांच्या हाती देण्याची पद्धत मात्र १९६० च्या दशकात बोस्टनच्या बाल संग्रहालयात तिथले संचालक मायकेल स्पॉक यांनी विशेष रुजवली. रोजच्या वापराच्या वस्तू उभ्या कापून त्यांच्या आत काय असते ते मुलांना दाखवण्याचे प्रदर्शन त्यांनी भरवले होते. अशा ठिकाणी पालकांची खरी कसोटी गप्प राहण्याची असते. मूल एखादा तुकडा चुकीच्या जागी बसवू लागले की आपला हात आपोआप पुढे जातो. तो मागे घ्यावा. एकच कृती मूल सात वेळा करत असेल तर ‘चल, तिकडे अजून छान आहे’ असे म्हणू नये. दोन भावंडांच्या वयात तीन-चार वर्षांचे अंतर असेल तर दोन मोठी माणसे बरोबर असावीत आणि त्यांनी सरळ वाटणी करून घ्यावी, नाहीतर धाकट्याच्या मागे धावण्यात थोरल्याचे पाहणे राहून जाते. मोबाईल पिशवीत ठेवावा. एखादे छायाचित्र पुरे.

निघण्याची सूचना दहा मिनिटे आधी द्यावी आणि मुलाला मिनिटे कळत नसल्याने ती कृतीत सांगावी: ‘अजून दोनदा कर, मग निघू.’ बाहेर पडल्यावर बागेतल्या बाकावर पेन्सिल-कागद काढून, आठवेल ते चित्र तिथेच काढून घ्यावे. गव्याला पाच पाय निघाले तरी दुरुस्त करू नयेत. सर्व आटोपून चारच्या आत स्टेशनवर असावे. त्यानंतर कचेऱ्या सुटू लागतात. त्याआधी मात्र चर्चगेटला गाडी रिकामी लागते, खिडकीची जागा मिळते आणि मरीन लाइन्स यायच्या आत मूल मांडीवर झोपलेले असते.