स्वयंपाकघराचे काम चालू असताना घर चालवायचे कसे?

सांगली-मिरजेकडे स्वयंपाकघराचे काम काढायचे ठरले की ग्रॅनाइट कोणत्या रंगाचे घ्यायचे, टाइल्स कुठून आणायच्या आणि ट्रॉल्या किती बसतील यावर घरात भरपूर खल होतो. पण जुना ओटा फुटल्यापासून नवा वापरात येईपर्यंत दोन वेळचा स्वयंपाक कुठे होणार, हा प्रश्न बहुधा घण पडल्यानंतरच पुढे येतो. माझे स्पष्ट मत असे आहे की पर्यायी स्वयंपाकघर आधी मांडावे, जुना ओटा शाबूत असतानाच तिथे दोन-तीन दिवस सगळा स्वयंपाक करून पाहावा आणि मगच गवंड्याला कामाला लावावे. उजेड कमी पडतो का, वाऱ्याने शेगडी विझते का, कणीक मळायला जागा पुरते का, हे सारे त्या दोन-तीन दिवसांत कळते आणि तेव्हा ते दुरुस्त करणेही सोपे असते.

कामाचा हंगाम निवडताना घरातील वर्षाचे वेळापत्रक समोर ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचे धान्य भरायचे असते, कांदा-लसूण मसाला करायचा असतो आणि पापड-कुरडयांचे वाळवण गच्चीवर असते, त्यामुळे तेव्हा घरात सिमेंटची धूळ नको. पावसाळ्यात प्लास्टर लवकर वाळत नाही आणि लाकूड फुगते. शिवाय सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असताना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते, हे लक्षात घेता गावभागात किंवा नदीलगतच्या वस्तीत राहणाऱ्यांनी त्या दिवसांत घर उकलून ठेवूच नये. दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्याआधी संपवलेले काम सर्वांत सोयीचे ठरते. गवंडी आणि बिगारी ज्या गावांतून येतात, तेथील यात्रेच्या तारखा मात्र आधी विचारून घ्याव्यात, कारण यात्रेला माणसे जाणारच आणि त्यांनी जावेही.

पर्यायी स्वयंपाकघरासाठी पडवी किंवा मागच्या दाराजवळची, मोरीला जवळची जागा उत्तम. ती नसेल तर खिडकी असलेल्या खोलीचा कोपरा चालतो, मात्र शेगडी पलंग आणि पडदे यांपासून लांब असावी. गॅसच्या बाबतीत थोडीही तडजोड करू नये. सिलिंडरमधला हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बंदिस्त जागेत ठेवू नये, तो नेहमी उभाच ठेवावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच, भक्कम टेबलावर मांडावी. जमिनीवर बसून करायची सवय असली तरी सिलिंडरशेजारी खाली शेगडी ठेवणे धोक्याचे आहे. फरशी कापण्याचे किंवा वेल्डिंगचे काम जवळ चालू असेल तोवर रेग्युलेटर बंद ठेवावा. गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

इंडक्शन शेगडी सोबतीला असावी, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. २००० वॉटची शेगडी सुमारे ९ अँपिअर वीज ओढते, त्यामुळे तिला १६ अँपिअरचे सॉकेटच हवे. साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर ती लावली तर वायर तापते. शिवाय आपल्याकडचा भाकरीचा खोलगट तवा तिच्यावर नीट बसत नाही, आणि साध्या ॲल्युमिनियमची पातेली तिच्यावर तापतच नाहीत. म्हणून भाकरी सकाळीच गॅसवर करून घ्यावी आणि वरण, भात, दूध, चहा यांसाठी सपाट बुडाची स्टीलची भांडी वापरून इंडक्शनचे काम चालवावे. कामावरच्या माणसांचा दोन वेळचा चहाही याच शेगडीवर होणार आहे, हे हिशेबात धरावे.

धान्य-मसाल्यांच्या डब्यांबाबत विशेष काळजी हवी. नव्या प्लास्टरवर आणि ओट्यावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते, त्यामुळे घरातील हवा दमट होते आणि शाळूला, डाळींना कीड किंवा बुरशी लागण्याचा धोका वाढतो. पिंपे आतल्या खोलीत, जमिनीला न टेकवता लाकडी फळीवर ठेवावीत आणि रोज लागणारे जिन्नस तेवढे लहान डब्यांत काढून बाहेर ठेवावेत. देव्हारा स्वयंपाकघरात असेल तर सामान हलवण्याची सुरुवात त्याच्यापासून करावी.

टाइल्स आणि ग्रॅनाइट कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. कापणी अंगणात, कटरवर पाणी सोडत करून घ्यावी, कामगारांनाही मास्क द्यावा, स्वयंपाकघराच्या दाराला जाड प्लास्टिक कागद चिकटपट्टीने पूर्ण बंद करून लावावा आणि झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे. घरात दम्याचा त्रास असलेले कोणी असेल, तर तोडफोडीच्या दिवसांत त्यांना नातेवाइकांकडे पाठवणे अधिक चांगले. निघालेला राडारोडा ओढ्यात किंवा नदीकाठी कदापि टाकू देऊ नये. ओढे बुजले की पावसाचे पाणी आपल्याच गल्लीत तुंबते. ट्रॅक्टर ठरवतानाच तो कुठे रिकामा होणार ते विचारून घ्यावे.

भांडी घासणे हा या काळातील सर्वांत कंटाळवाणा भाग आहे. मोरीच्या जाळीवर आणखी एक बारीक जाळी ठेवावी, तेलकट भांडी आधी कागदाने पुसावीत आणि हे काम घरातील सर्वांनी वाटून घ्यावे. ते एकट्या बाईच्या अंगावर पडू देणे योग्य नाही. प्लंबरकडून स्वयंपाकघराच्या लाइनला पहिल्याच दिवशी स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवून घेतला, तर त्याचे काम चालू असताना बाकी घराचे पाणी बंद करावे लागत नाही.

भिंतीला झिरी मारून पाइप आणि वायरिंग बसले की प्लास्टर होण्यापूर्वी मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढावेत. पुढे एखादा खिळा ठोकताना त्यांचा फार उपयोग होतो. टाइल्स लागण्याआधी ड्रेनेजमध्ये बादल्या ओतून पाणी सरळ जाते का ते पाहावे आणि हे पाहिल्याशिवाय गवंड्याचा पुढचा हप्ता देऊ नये. नवा ओटा तयार झाल्यावर शेगडी हलवली, की प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर रेग्युलेटर बंद करून एजन्सीच्या मेकॅनिकला बोलवावे. सिंकखालचा सांधा चार-आठ दिवस कोरडा राहिल्याची खात्री होईपर्यंत पर्यायी स्वयंपाकघराची मांडामांड मोडू नये आणि पिंपेही आतल्या खोलीतच राहू द्यावीत.